ब्रूनोची खाज आणि अळ्यांचं खाद्य: आधी कुठला प्रश्न सोडवायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात यावी म्हणून आधी थोडक्यात मांडते. ब्रूनो ४ वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन ३१ किलो, नसबंदी झालेली. गेलं वर्षभर पुढचे पंजे चाटतो, कान खाजवतो, कानात दोनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, चिकनची ॲलर्जी असू शकते. तुमची बहीण जर्मनीत राहते, तिथे अळ्यांच्या प्रथिनाचं ड्राय फूड मिळतं आणि दिवाळीला येताना ती १२ किलोची गोणी आणते म्हणते. सासूबाई माळकरी, घरात मटण-मासे शिजत नाहीत, त्यामुळे अळी कशात मोडते यावर घरात बरीच चर्चा झाली आहे. कंपोस्टच्या डब्यात इतक्या अळ्या होतात, त्याच का घालू नयेत, असं मिस्टर विचारतात. आणि शेवटच्या ओळीत, मनी मांजरीलाही हेच चालेल का?

मी पुण्यात १९ वर्षं कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करते आणि त्यातला निम्मा वेळ खाजेच्या पेशंटमध्ये जातो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. अळ्यांचं खाद्य कुत्र्याला चांगलं का, हा एक. ब्रूनोला खाज कशाने सुटते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नीट तयार केलेलं असेल तर प्रौढ कुत्र्याला चांगलं आहे. पण दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचा ब्रूनोला काही उपयोग नाही. म्हणून सुरुवात खाजेपासून करते.

आपल्या हवेत कुत्र्याला खाज सुटली की माझा पहिला संशय पिसवा आणि गोचिडांवर. दुसरा धुळीतल्या माइट्सवर, म्हणजे गाद्या-पडदे-सतरंज्यांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांवर. मग कातडीवरचं यीस्ट आणि बॅक्टेरिया. अन्नाचा नंबर त्यानंतर. असते अन्नाची ॲलर्जी, नाही असं नाही, पण खाजेच्या सगळ्या पेशंटमध्ये तिचा वाटा लहान आहे. पावसाळ्यात खाज वाढते आणि मार्च-एप्रिलमध्ये कमी होते, असं असेल तर कारण बहुधा हवेत किंवा घरात आहे. बारा महिने सारखीच असेल, कान आणि पंजे दोन्ही धरलेले असतील, अधूनमधून शी पातळ होत असेल, तर अन्नाचा संशय बळावतो. ब्रूनोच्या बाबतीत वर्षभर हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून मी पुढचं सगळं लिहितेय, नाहीतर पिसवांच्या औषधावरच थांबले असते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. एक लॅब्रॅडोर मादी होती. कंबरेवरचे, शेपटीच्या मुळाशी असलेले केस पार गेलेले. मी अन्नावर बोट ठेवलं. त्या कुटुंबाने पाच महिने चिकन बंद ठेवलं, रोज वेगळं शिजवलं, एकदाही चुकले नाहीत. खाज तसूभरही हलली नाही. शेवटी एका दुपारी बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीजवळचे केस विंचरले आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकली. कापसावर तांबूस ओघळ पसरले. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच, ओल लागली की रंग सोडते. पिसू एकही दिसली नव्हती, पण कारण तेच होतं. हा कापूस आता मी पहिल्या भेटीतच वापरते. तुम्हीही आज घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

समजा पिसवा नाहीत, गोचिडांचं औषध वेळेवर चालू आहे, कानातल्या यीस्टवर उपचार झाले आणि तरी खाज आहे. मग अन्नाकडे वळायचं. इथे पहिली गोष्ट म्हणजे चिकनवरच अडून बसू नका. घरात मांस शिजत नाही, म्हणजे ब्रूनोच्या पोटात चिकन जातं ते ड्राय फूडमधून. पण त्याच्या पोटात दूध-पोळी जात नाही का? दही-भात? चहाबरोबरचं मारी बिस्कीट? २०१६ साली ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत कारण ठरले होते. हे आकडे बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या कुत्र्यांचे, तिथे गोमांस सर्रास खाऊ घालतात म्हणून ते वर आहे. आपल्याकडच्या दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यासाठी मला त्यातले दूध आणि गहू हे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. ॲलर्जी नेहमी खाल्लेल्या गोष्टीची होते. जे शरीराने कधी पाहिलंच नाही, त्याच्याविरुद्ध ते सहसा तयारी करून बसलेलं नसतं.

अळ्यांच्या खाद्याचं खरं बळ एवढंच आहे. अळीत ॲलर्जी बरी करणारा काही गुण नाही, आपल्या बहुतेक कुत्र्यांनी ती कधी खाल्लेली नसते एवढंच. जर्मनीत डॉक्टर ते सुचवतात ते याच हिशोबाने: कुत्रा जन्मभर चिकन, बीफ, लॅम्ब खात आला, आता त्याला नवं काय द्यायचं? पूर्वी बदक, ससा, हरीण द्यायचे. पण ते सगळं आता साध्या खाद्यातही येऊ लागलं, त्याचं नवेपण गेलं. अळी अजून नवी आहे.

पण या नवेपणाला एक छेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कीटक, कोळंबी, खेकडे, झुरळं आणि धुळीतले माइट्स हे सगळे सांधेपाद प्राणी, एकाच मोठ्या कुळातले. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते या सगळ्यांत बरंचसं सारखं असतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला कीटक खाऊन त्रास होऊ शकतो तो यामुळे. माइट्सची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या रक्तातले प्रतिपिंड मीलवर्म अळीच्या प्रथिनांना चिकटतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रयोगशाळेत चिकटणं म्हणजे खाऊन खाज सुटणं नव्हे, हे खरं. तरीही ज्या कुत्र्याची खाज मुळात माइट्समुळे आहे असा मला दाट संशय असतो, त्याच्यासाठी मी पहिली निवड म्हणून अळी धरत नाही.

कोकणातून आलेल्या पेशंटना मी एक प्रश्न हमखास विचारते: जवळा घालता का? सुकट, जवळा, कोळंबीची टरफलं यांवर वाढलेल्या कुत्र्या-मांजरांना सांधेपाद प्राण्यांची ओळख लहानपणापासून असते. रत्नागिरीकडच्या एका बोक्याला अळीचं खाद्य नवं म्हणून सुरू करायचं ठरत होतं, तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या की रोज संध्याकाळी मूठभर जवळा असतोच त्याला. मग तो बेत आम्ही सोडला. ब्रूनोच्या घरी सुकट येत नसणार, हे त्याच्या पथ्यावर आहे.

आता या खाद्यात असतं काय ते बघू, कारण अळी म्हणजे एकच वस्तू नव्हे. बाजारात मुख्यतः तीन आहेत: ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्या, पिठात होणारी पिवळी मीलवर्म आणि घरगुती रातकिडे. कुत्र्याच्या खाद्यात पहिलीचा वापर सर्वात जास्त. तिची वाळवून केलेली पूड मी हातात घेऊन पाहिली आहे. रंग दाणकुटासारखा, वास खमंग भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि मागून किंचित सुक्या कोळंबीचा, बोटांना तेलकटपणा राहतो. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिन आणि ३० टक्के चरबी असते, चरबी काढून टाकली की प्रथिन ५५-६० टक्क्यांवर जातं. त्या चरबीत लॉरिक ॲसिडचा वाटा मोठा, म्हणजे आपल्या खोबरेल तेलासारखी. ओमेगा-३ मात्र नगण्य, आणि खाजऱ्या कातडीला तेच हवं असतं. म्हणून चांगल्या खाद्यात माशाचं, जवसाचं किंवा शेवाळाचं तेल वेगळं घातलेलं असतं. सोल्जर फ्लायच्या अळीत कॅल्शियम भरपूर असतं, मीलवर्ममध्ये फारच कमी. एकीच्या जागी दुसरी घातली की सगळं गणित बदलतं.

प्रथिनाच्या आकड्यातही एक मेख आहे. गोणीवर लिहिलेलं प्रथिन प्रत्यक्षात मोजलेलं नसतं. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मांसाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण अळीच्या कातडीत कायटिन असतं, कोळंबीच्या टरफलात असतं तेच, आणि त्यातही नायट्रोजन आहे. तो प्रथिनाच्या खात्यात जमा होतो. या विषयावर काम करणाऱ्यांनी अख्ख्या अळीसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणावं असं २०१७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे ४० टक्के लिहिलेली अळी खरी ३० टक्क्यांच्या आसपास येते. यात फसवणूक नाही, मोजण्याची जुनी रीत आहे ती. पण आकडा काठावरचा असेल तर फरक पडतो. प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनावर किमान १८ टक्के प्रथिन हवं. अळीचं खाद्य घ्यायचं तर मी २५ च्या खालचं घेऊ देत नाही, आणि मेथिओनिन वेगळं घातलंय का ते यादीत शोधते, कारण गंधकयुक्त अमिनो आम्लं कीटकांत तोकडी पडतात.

कायद्याचंही सांगते, कारण हे खाद्य खरंच तपासलंय का अशी शंका तुम्ही घेतली आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये सात जातींच्या कीटकांचं प्रथिन मत्स्यखाद्यात चालेल असं ठरवलं, २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातही परवानगी दिली आणि यादीत रेशीम किडा आला. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात ते आधीपासून होतं. अमेरिकेत पशुखाद्याच्या घटकांची व्याख्या ठरवणाऱ्या आफको या संघटनेने २०२१ मध्ये वाळवलेल्या सोल्जर फ्लाय अळ्या प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठी मान्य केल्या. प्रौढ हा शब्द लक्षात ठेवा. ब्रूनो ४ वर्षांचा आहे म्हणून मी एवढी मोकळेपणाने बोलतेय. चार महिन्यांचं पिल्लू असतं तर हात आखडता घेतला असता.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो रास्त आहे, कारण तुमच्या डब्यातल्या अळ्या बहुधा त्याच जातीच्या आहेत. पावसाळ्यात झाकण उघडलं की चपट्या, वळ्यावळ्यांच्या, आधी मळकट पांढऱ्या आणि मोठ्या झाल्या की गडद तपकिरी अळ्या दिसतात, काही डब्याच्या कडेने वर चढून बाहेर पडतात. त्या कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत असतात. त्यांना मारू नका, कंपोस्ट त्या झकास करतात, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. पण ब्रूनोला त्या घालू नका.

त्याचं कारण असं की अळी जे खाते तेच तिच्या पोटात असतं, आणि त्यातलं काही तिच्या अंगातही साठतं. सोल्जर फ्लायची अळी कॅडमियम हा विषारी धातू साठवते, हे वारंवार दिसलं आहे. डब्यात साल्मोनेला हे जुलाब करणारे बॅक्टेरिया असतील तर अळी ते वागवते. युरोपात खाद्यासाठी पाळलेल्या कीटकांना शेतीतल्या जनावरांचाच दर्जा आहे. त्यांना हॉटेलचं खरकटं, घरचा ओला कचरा, शेण असलं काही घालायला बंदी आहे, धान्याचा कोंडा, भाज्या-फळांचा चोथा असंच घालतात. पुढे त्या उष्णता देऊन मारतात, वाळवतात, बॅक्टेरियासाठी तपासतात. ही साखळी नसेल तर हाती उरते ती फक्त डब्यातली अळी. शिवाय ब्रूनोपुरतं आणखी एक: तुमच्या अळ्यांनी पोळीचे तुकडे, दही, बिस्किटं खाल्लेली आहेत. ज्या गोष्टी वगळायच्या त्याच त्यांच्या पोटातून परत वाडग्यात येतील.

कीटकांचं खाद्य ही परदेशी कल्पना आहे असं मात्र घरात कुणी म्हणू नये. जालना-बीडकडे तुतीची लागवड करून शेतकरी रेशमाचे कोष काढतात. कोषातून धागा उकलला की आतला किडा उरतो. चरबी काढलेल्या त्या किड्याच्या पुडीत प्रथिन भरपूर असतं आणि आपल्या देशात ती कोंबड्या-माशांच्या खाद्यात जुन्या काळापासून जाते. अडचण एवढीच की तिचं तेल पटकन खवट होतं आणि वास उग्र असतो. ती नीट स्वच्छ करून देणारं कुणी आपल्याकडे पुढे आलं तर मला मनापासून आनंद होईल.

सासूबाईंबद्दल लिहिताना मी जपून लिहितेय, कारण हा निर्णय डॉक्टरचा नाही. त्यांना खरी माहिती मिळावी एवढंच माझं काम. अळी जीवच आहे, तिचं खाद्य शाकाहारी नाही. आणि संख्येचा हिशोब त्यांना सांगायलाच हवा. वाढलेल्या ओल्या अळीचं वजन साधारण पाव ग्रॅमच्या आत, वाळली की त्याचा तिसरा हिस्सा. ब्रूनो दिवसाला ३४० ग्रॅम खाद्य खाईल असं धरा, त्यात एक तृतीयांश अळीची पूड असेल तर ती ११० ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे रोज दीड हजाराच्या आसपास अळ्या. एका कोंबडीचं मांस त्याला कित्येक दिवस पुरतं. जीव मोजायचे तर अळीचं पारडं फार जड होतं. अळीला वेदना कळते का, कोंबडीला किती कळते, हे ज्याने त्याने ठरवायचं. माझ्या एका जैन पेशंटच्या घरी हा हिशोब ऐकून आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, मग हे आम्हाला नको. मी पुढे एक शब्द बोलले नाही.

तुमच्या घरासाठी मला एक दुसरा रस्ता जास्त योग्य वाटतो. हायड्रोलाइज्ड खाद्य, म्हणजे ज्यातल्या प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची पहारेकरी यंत्रणा ते ओळखू शकत नाही. यात सोयाबीनच्या प्रथिनापासून केलेलंही मिळतं, आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. महाग असतं, हे आधीच सांगते. काहींत चवीपुरता प्राणिजन्य अंश असतो, म्हणून यादी बघूनच घ्या.

हायड्रोलाइज्ड असो की अळीचं, चाचणीची रीत एकच, आणि इथेच बहुतेक घरं फसतात. आठ आठवडे ब्रूनोच्या तोंडात त्या एका खाद्याशिवाय आणि पाण्याशिवाय काहीही जाता कामा नये. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत सुधारतात, ९० टक्क्यांच्या वर जायला आठ लागतात. तीन आठवड्यांनी फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. पोळीचा तुकडा, तुपाचं बोट, वॉचमनकाकांचं बिस्कीट, मुलांच्या ताटाखाली सांडलेला भात, सगळं बंद. मनीची वाटी उंचावर. गोचिडांच्या आणि जंताच्या चघळायच्या गोळ्यांत मांसाचा स्वाद असतो, त्या काळापुरतं मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना मागा. एका बीगलच्या घरी सात आठवडे सगळं काटेकोर चाललं होतं आणि खाज जात नव्हती. शेवटी कळलं की आजी रोज रक्तदाबाची गोळी घेताना पेढ्याचा कण त्यालाही देत होत्या, प्रेमाने. पेढा बंद झाला आणि तीन आठवड्यांत पंजे कोरडे झाले.

सुधारणा झाली तरी काम अर्धंच झालं. मग जुनं खाद्य परत घालून बघायचं, एका वेळी एकच गोष्ट: आधी फक्त चिकन दोन आठवडे, मग फक्त दूध, मग गहू. खरी ॲलर्जी असेल तर खाज बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परत येते. हे करायला कुणाचं मन होत नाही, मला समजतं. कुत्रा नुकता शांत झोपायला लागलेला असतो. पण हे न केल्यास तो बरा झाला तो अन्नाने, की दरम्यान संपलेल्या पावसाळ्याने, हे कधीच कळत नाही, आणि पुढची दहा वर्षं महागडी गोणी आणत राहावी लागते. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीने अन्नाची ॲलर्जी कळते असं सांगणारे भेटतील. त्यावर पैसे घालवू नका, त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत.

बहिणीच्या गोणीबद्दल. हिशोब करा: रोज ३४० ग्रॅम, ५६ दिवस, म्हणजे १९ किलो. १२ किलोची गोणी पाचव्या आठवड्यातच संपेल, आणि मधेच खाद्य बदललं की चाचणी वाया. शिवाय परदेशातून येणाऱ्या प्राणिजन्य खाद्याला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना आणि तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं, बॅगेत घालून आणायची ती वस्तू नाही. आणि गोणीवर अळीचं चित्र असलं म्हणून आत फक्त अळी असते असंही नाही. पुढे मोठ्या अक्षरांत कीटक आणि मागे बारीक अक्षरांत कोंबडीची चरबी किंवा यकृताचा अर्क, हे मी स्वतः वाचलेलं आहे. यादीत प्राणिजन्य प्रथिन एकच हवं, आणि खाद्य संपूर्ण आहार म्हणून विकलेलं हवं, पूरक म्हणून नाही.

पर्यावरणाचं तुम्ही ओझरतं विचारलंत. कीटक पाळायला जागा आणि पाणी कमी लागतं, हे खरं. पण किती फायदा होतो ते अळीला काय घातलं यावर ठरतं. कोंबडीलाच घालता आलं असतं ते धान्य अळीला घातलं तर फार काही साधत नाही. त्यात थंड देशात त्यांना उबेत ठेवायला आणि वाळवायला वीज जाते. आपली हवा त्यांना आयती मानवते, त्यामुळे हे काम युरोपापेक्षा आपल्याकडे जास्त शोभेल असं मला वाटतं.

मनीसाठी माझं उत्तर आखडतं आहे. मांजर नाकतोडे, झुरळं, पाली स्वतःहून खाते, त्यामुळे कीटक तिला परके नाहीत. पण तिला टॉरिन हे अमिनो आम्ल, ॲराकिडोनिक हे चरबीतलं आम्ल आणि तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व अन्नातूनच लागतं. टॉरिन कमी पडलं की मांजरांचं हृदय पसरट आणि दुबळं होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर जगभर मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. कीटकांत ते जातीनुसार कमीजास्त असतं, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून ब्रूनोचं खाद्य मनीला कधीही नको, मग ते अळीचं असो की चिकनचं. मांजरांसाठीच बनवलेलं, टॉरिन घातलेलं कीटकांचं खाद्य असेल तर गोष्ट वेगळी. पण मनीला काही त्रास नाही ना? मग तिचं आहे तेच चालू राहू द्या.

तर या आठवड्यात कापसाची चाचणी करा आणि ब्रूनोच्या तोंडात दिवसभरात काय काय जातं ते घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहून काढा, सासूबाईंना आणि मुलांना सुद्धा. ती यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि सोयाबीनच्या हायड्रोलाइज्ड खाद्याचं विचारा. बहिणीला मात्र एक सांगा: गोणी आणू नकोस, दुकानात गेलीस की गोणीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, घटकांची सगळी यादी वाचता येईल असा. तो इथे टाका. जर्मन नावं असली तरी चालतील, मी ओळ न ओळ बघून सांगते.